जनावर तोंड नाही लावत थे झाड

प्रताप नगरात पोरानं घर बांधलं तवा समोर जराशी माती सोडली. गाडी उभी करून उरते तेवढीच. मी म्हटलं, लिंबू लावू, कढीपत्ता लावू, कोपऱ्यात मुनगा लावू, शेवगा म्हणतात थो. शेंगा खाता येतात, पाला खाता येते. सुनेनं तोंड वाकडं केलं. "आई, समोरून घर चांगलं दिसलं पाहिजे ना. शोची झाडं लावू."

शोचं झाड म्हणजे नुसतं पाहाचं. माहा जन्म गेला भिवापूरकडे मिरचीच्या सातऱ्यावर. सातरा म्हणजे उघड्या जागेवर लाल मिरचीचे ढीग, अन् बाया दिवसभर बसून देठं तोडतात. बोटं अशी जळत की घरी येऊन लेकराले हात लावता येत नव्हता. नुसतं पाहाचं झाड मले ठाऊकच नव्हतं. म्हणून सून मोबाइलवर जे झाड दाखवे, त्याले मी नको म्हणत होती. थेच पुढं नडलं.

नर्सरीत आम्ही दोघी गेलो, नात माह्या कडेवर. तिले दात येऊन राहिले होते. जे सापडलं थे तोंडात. माती, चप्पल, माह्या लुगड्याचा पदर, सारं. सुनेले भिंतीलगत दाट काहीतरी पाहिजे होतं. नर्सरीवाल्यानं बोगनवेल दाखवली, तिले काटे नको होते. मग थो एका झाडापाशी थांबला. लांब बारीक पानं, चकचकीत, अन् पिवळी फुलं.

"ताई, हे घेऊन जा. पाणी कमी, बारा महिने फूल. रस्त्यावरच्या गाईची झंझट नाही. जनावर तोंड नाही लावत याले."

सुनेनं नाव विचारलं. त्यानं काहीतरी इंग्रजी नाव सांगितलं. मले नावाची गरज नव्हती. बिट्टी होती थे, पिवळी कण्हेर.

मी नातीले झाडापासून दूर, दुसऱ्या कडेवर घेतलं. म्हटलं, "हे नको वं."

सून हसली. "दादा, आमच्या आईले शोचं काहीच चालत नाही. त्याईले एक मुनगा द्या, गाडीच्या टपावर लावतो."

नर्सरीवाला बी हसला. "काकू, शेंगा बाजारात भेटतात. घर एकदाच सजते."

"घर सजवा गा, पण हे नको."

"काहून नको, सांगा तं खरं?" सून म्हणाली.

सांगाचं होतं. पण कडेवर पोर होती. मरणाची गोष्ट लेकराच्या अंगावर बोलू नाही, लेकराले लागते, असं माय म्हणे. मी म्हटलं, "असंच."

असंच म्हटल्यावर कोण ऐकते? झाडं गाडीत बसली.

मी लहान होती तवा आमच्या गावाच्या बांधावर बिट्टीच बिट्टी. बकरी खात नाही म्हणून लोक तिलेच लावत. हिरव्या फळात टणक बी राहते. आम्ही पोट्ट्या थे वर फेकत होतो, झेलत होतो, खेळच होता आमचा. माहा लहान भाऊ नीट बोलत बी नव्हता. त्यानं एक दिवस फुटलेल्या बिट्टीतला गर चावला, शेंगदाणा चावते तसा. आम्ही हसलो. मग थो ओकला. मग अंग थंड पडलं. माय सातऱ्यावरून धावत आली, मिरचीच्याच हातानं त्याले उचललं, त्याचं तोंड पुसलं. एवढी मिरची लागली तरी थो रडला नाही. तवा मायले समजलं. दवाखाना लांब होता.

थोड्या दिवसांनी माय पुन्हा देठं तोडाले बसली, मी तिच्या बाजूले. घरी त्याची गोष्ट कोणी काढली नाही. माह्या पोराले बी माहीत नाही का त्याले आणखी एक मामा होता.

थे गोष्ट आता माह्या बी तोंडून निघाली नाही, अन् झाडं भिंतीशी लागली. मी रोज सकाळी उठून सारी फुलं तोडाले लागली. फूलच नाही तं फळ कुठून येईल? फुलं बुद्धाच्या मूर्तीपुढं ठेवत होती. बोटाईले पांढरा चीक लागे. हात साबणानं घासल्याशिवाय नातीले घेत नव्हती. सून शेजारणीले सांगे, "पाहा वं, शोचं नको नको म्हणत होत्या, अन् आता एक फूल झाडावर राहू देत नाहीत!" शेजारणीनं बी तशीच झाडं लावली.

मग माह्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं म्हटलं, वाकू नका, धुळीत जाऊ नका. मी खाटेवर पडून विचारत राहे, "फुलं तोडली का?" सून म्हणे, "राहू द्या ना आई, झाडावर चांगली दिसतात."

मले अंगणात जाऊ दिलं तवा सारं स्वच्छ दिसलं. नात भिंतीपाशी बसून होती. मुठीत हिरवं फळ, अन् मूठ तोंडाकडं.

मी कशी पोचली मले माहीत नाही. तिच्या तोंडात बोट घालून कानाकोपरा चाचपला. नुसती माती होती. फळ अख्खं होतं, दाताची खूण नव्हती. सून धावत आली. "काय झालं आई?"

"पोरीले आत पाळण्यात टाकून ये. मग सांगते."

थे आली. मी सांगितलं, भावाचं सारं सांगितलं. थे पायरीवर बसली.

"आई, तवाच काहून नाही सांगितलं?"

"नको म्हटलं होतं ना वं."

"तुमचं तं साऱ्याईलेच नको होतं."

थे बी खरं होतं.

तिनं माह्या पोराची वाट नाही पाहिली. तोंडाले ओढणी बांधून सब्बलीनं झाडं उपटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा नर्सरीत गेलो. आता थे प्रत्येक झाडापाशी विचारे, "लेकरानं तोंडात टाकलं तर?" नर्सरीवाला कंटाळला. "ताई, झाडं घेऊन राहिल्या का भाजी?" जास्वंद घेतली, मोगरा घेतला.

पण शेजारणीची बिट्टी भिंतीवरून आमच्याकडं झुकून राहिली. फळ धरलं हाय. सून जाऊन सांगून आली. शेजारणीच्या घरी लहान कोणी नाही. थे म्हणे, चांगलं झाड हाय, जनावर तोंड नाही लावत, दिवाळीनंतर पाहू.

तवापासून नात उठाच्या आधी आम्ही दोघी अंगण झाडतो. मी पुढं झाडत जाते, अन् माह्या नजरेतून एखादं पडलेलं फळ सुटलं का, थे पाहत सून मागून येते.