चपलांपाशी पडलेला लाडू

पडलेला घास उचलायचा, कपाळाला लावायचा, फुंकर मारायची आणि खायचा, हा मथुराबाईंचा सत्तर वर्षांचा कायदा. खडकवासल्याच्या वाटेवरचं त्यांचं गाव पुण्यात गेलं, शेतात बारा मजली इमारती उभ्या राहिल्या, पण हा कायदा कुठल्या बिल्डरला विकत घेता आला नाही. दारातली विहीरही कुणाला घेता आली नाही. बहात्तरच्या दुष्काळात अख्खं गाव तिच्यावर जगलं होतं. आता तिच्या अंगाखांद्यावरून सोसायट्यांची गटारं जात होती, तरी मथुराबाईंसमोर तिला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती. मुलाने, सूरजने, घरात फिल्टर बसवला तेव्हा "मेलेलं पाणी" म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. सून शैला नातीची शाळेची बाटली त्यातूनच भरू लागली, तेव्हा मात्र गप्प राहिल्या. मथुराबाई गप्प राहिल्या की समजावं, त्यांनी आपल्या मनासारखं काहीतरी केलेलं आहे.

संक्रांतीला त्या नातीच्या, नऊ वर्षांच्या उत्कर्षाच्या हातून तिळाचा लाडू निसटला आणि गडगडत दारातल्या चपलांपाशी गेला.

"राहू दे आजी. टीचर म्हणतात, खाली पडलेलं खायचं नाही."

"तुझ्या टीचरला काय ठावं? देवाला दावलेला हाय. फुंक मार अन् खा."

पोरीने आईकडे पाहिलं. शैला ताटात लाडू रचत राहिली. सासूपुढे बोलून काय हाती लागतं, हे तिला दहा वर्षांत पुरतं कळलं होतं. उत्कर्षाने लाडू खाल्ला.

तिसऱ्या दिवशी तिला जुलाब लागले. ते थांबले, पण आठवड्याने सकाळी अंथरुणातून उठायला गेली ती मटकन खालीच बसली. "आजी, पाय उभेच राहत नाहीत," म्हणाली. संध्याकाळी तिच्या हातातून पेन्सिलही गळून पडली, आणि सूरजने तिला उचलून दवाखाना गाठला.

पोटात गेलेल्या जंतूंमुळे नसांवर परिणाम झालाय, एवढं मथुराबाईंना कळलं. तिथून पुढे त्यांच्या डोळ्यांसमोर तो लाडू गडगडतच राहिला. शैला त्यांना एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. माणूस शिव्या पचवतं, अबोला पचवत नाही.

दवाखान्यातल्या पाचव्या दिवशी डॉक्टर खाटेपाशी आल्या, तेव्हा मथुराबाईंनी धीर केला.

"बाई, खाली पडलेला लाडू म्या पोरीला खायला लावला. चपलांपाशी पडला हुता. त्यानंच झालं ना हे?"

शैलाने मान वर केली.

"आजी, पडलेलं खाऊ नयेच. जंतू काही फुंकरीने उडत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "पण हिच्या तपासणीत जे सापडलेत, ते सुक्या लाडवावर फारसे टिकत नाहीत. ते बहुतेक दूषित पाण्यातून येतात, नाहीतर कच्च्या राहिलेल्या चिकनमधून."

"आमच्यात माळ हाय. चिकन शिजत न्हाई," मथुराबाई म्हणाल्या आणि तिथेच हमसून रडू लागल्या. पाच दिवसांचा धोंडा छातीवरून उतरला होता. शैला उठून आली आणि तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नका आई. आम्ही उगाच तुम्हाला..."

"मग पाणी कुठलं पिते ही?" डॉक्टरांनी पेन उघडलं.

"फिल्टरचं," शैला म्हणाली. "शाळेची बाटलीसुद्धा मी स्वतः भरते."

डॉक्टर लिहू लागल्या. मथुराबाईंचं रडणं थांबलं. पाठीवरचा हात ऊबदार होता. एवढी माया त्या हाताने आजवर कधी केली नव्हती, आणि गप्प राहणं त्यांना चांगलं जमत होतं. खाटेवरच्या पोरीने बोटं हलवायचा प्रयत्न केला. ती हलली नाहीत.

"बाई, ते लिवू नका," मथुराबाई म्हणाल्या. "सुनंनं भरलेली बाटली मी रोज तुळशीत वतते. अन् विहिरीची भरून देते."

शैलाचा हात थोडा वेळ तिथेच राहिला. मग तो पाठीवरून निघाला.