जाजमात अडकलेली कुसळं

"उन्हात घाल, पण झटकू नकोस रे," हे आक्काचं माझ्याशी बोललेलं शेवटचं धड वाक्य. फाल्गुनातली दुपार होती. धारच्या तिच्या माडीवरच्या दोन खोल्यांत ती खाटेवर पडून होती, धाप लागत होती, आणि आपला काहीतरी उपयोग व्हावा म्हणून मी कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेलं तिचं जुनं जाजम बाहेर काढलं होतं. त्यात गवताची कुसळं भरलेली. मी ते कठड्यावर टाकून दणादण झटकणार, हे तिने पडल्या पडल्या ओळखलं. "मी निवडीन सावकाश बसून," म्हणाली. निवडायला ती पुन्हा बसली नाही. पुढच्याच आठवड्यात देवासला कारखान्याच्या फाटकाशी माझा फोन वाजला. तिच्या शेजारची मुलगी होती. "काका, आक्का..." एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मी पाळी सोडून तसाच निघालो. इंदूरपर्यंत बसमध्ये माझ्या डोक्यात एकच वेडगळ प्रश्न घोळत होता, की त्या दिवशी निघताना मी जाजम आत घेतलं होतं की नाही.

आक्का माझी आतेबहीण, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी. तिच्या घरच्यांनी धारच्या संस्थानात पिढ्यान् पिढ्या कारकुनी केली. आम्ही मात्र वडिलांच्या नोकरीमागे साताऱ्याकडून देवासला आलेले, कारखान्याच्या वसाहतीत वाढलेले. तिचं मराठी जुन्या वळणाचं, सणावाराला तर थेट पोथीतलं. आमचं अर्धं हिंदी. तिला त्याची गंमत वाटायची. मी दारात दिसलो की, "काय भिया, देवासचे साहेब आज इकडं कसे?" असं मुद्दाम माळव्याच्या हेलात विचारायची आणि लगेच, "हातपाय धुऊन घे, पानं वाढते," असं तिच्या आईच्या आवाजात सांगायची. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत असे. लग्न केलं नाही. का, ते विचारायची आमच्यात कोणाची छाती नव्हती.

तिला पाखराचं वेड लागलं ते नव्वदच्या आसपास. शाळेची सहल अमझेऱ्याला देवळं बघायला गेली होती, आणि परतताना बस वाटेत बंद पडली. पावसाळ्याचे दिवस, रस्त्याकडेला उभ्या गवताचं राखीव रान. इकडे त्याला बीड म्हणतात. त्या बीडेतून एक काळंपांढरं पाखरू सरळ वर उडालं, क्षणभर दिसलं, पुन्हा गवतात गडप. थोड्या वेळाने पुन्हा. आत बसून कोणी धान्य पाखडतंय की काय असं वाटावं, असं ती सांगे. तो खरमोर. महाराष्ट्रात त्याला तणमोर म्हणतात, हे तिने मला नंतर ऐकवलं. मला दोन्ही नावं सारखीच अनोळखी. चार महिने येणार, गवतात अंडी घालणार, निघून जाणार. मला एकदा दाखवायला नेलं, तेव्हा भर उकाड्यात अर्धा दिवस चिखलात बसून मी फक्त डास पाहिले. ते पाखरू मला आयुष्यात कधीच दिसलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याच्यासाठी मी कधी गेलोही नाही. मी जात होतो आक्कासाठी.

त्या पाखरासाठी त्या भागातली काही गावं अभयारण्यात घेतलेली होती. कागदावर गवत राखलं, तशी माणसांची शेतंही बांधली गेली. जमीन विकता येईना, घेता येईना. पुढे नव्वदचं दशक सरता सरता वर्तमानपत्रात एक बारीक टाइपातली सूचना आली : कायद्याचा फेरविचार होणार आहे, जनतेने मतं कळवावीत, अमक्या दिवशी सुनावणी. मसुदा इंग्रजीत. मी म्हटलं, "आक्का, ही नुसती रीत असते. कोण वाचतंय आणि कोण कळवतंय!" ती म्हणाली, "विचारलंय ना त्यांनी? मग उत्तर द्यायला नको?" मसुदा तिने स्वतः हिंदीत केला, आणि दर रविवारी माझ्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर ते जाजम घेऊन, गावोगाव जाऊ लागली.

जाजमच का, हे माळव्याबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. इकडे गावाचा काही निर्णय घ्यायचा असला की जाजम अंथरतात. त्यावर पाटील आणि हाळी, म्हणजे सालगडी, शेजारी शेजारी बसतात, बोलणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही, आणि जाजमावर जे ठरलं ते बाहेर जाऊन फिरवायचं नाही. आक्काने हा रिवाज जसाच्या तसा उचलला. बीडेच्या कडेला जाजम घालायचं, कायद्याचं एकेक कलम वाचायचं, मग गप्प बसून ऐकायचं. वर्गात कोणाला चूं करू न देणारी बाई तिथे तासन् तास गप्प बसलेली मी पाहिली आहे. सुरुवातीला चार डोकी, मग जाजम पुरेना. बायकासुद्धा काठाला टेकू लागल्या.

शेवटच्या बैठकीत भेरूलाल पटेल बोलायला उठले. उंच, वाळका माणूस, दोन जवान मुलगे बिनलग्नाचे. ज्या जमिनीचा सौदा होत नाही त्या घरात मुलगी कोण देणार? ते म्हणाले, आम्हाला अभयारण्य नको. बीडा हाकून, म्हणजे नांगरून टाकू, गवत गेलं की पाखरू येणार नाही, पाखरू नाही तर कायदा कशाला राहील? सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणी हसलं नाही, कोणी आरडाओरडा केला नाही. मी आक्काकडे बघितलं. ती लिहून घेत होती. भेरूलालजी तिच्याकडे वळून म्हणाले, "बेनजी, तमने पूछ्यो, तो हमने बोली दियो. अबे बदलजो मती." आता बदलू नका.

सुनावणीच्या आदल्या दिवशी इंदूरहून पक्षिमित्र मंडळी आली. चांगली माणसं, तिच्याबरोबर चिखलात बसलेली. बीडा हाकण्याचं तेवढं वाक्य गाळा, म्हणून त्यांनी तिला परोपरीने विनवलं. मीही त्यांचीच री ओढली. जरा मऊ शब्दांत लिही, म्हटलं. आक्का चहा गाळत होती. "म्हणजे विचारायचं, आणि हवं तेवढंच ऐकायचं? मग त्यांच्यात नि आपल्यात फरक काय राहिला?" आणि मग हळू आवाजात, "विनू, मला कळत नाही का रे, मी काय वाचणार आहे ते..."

तिने वाचलं. तालुक्याच्या गावी, पंख्याच्या घरघरीत, अख्खं निवेदन, एक शब्द न गाळता. गावकऱ्यांना खुर्च्या पुरल्या नव्हत्या म्हणून तिने भिंतीकडेला जाजम घातलं होतं. ज्या पाखरासाठी या बाईने दहा पावसाळे घालवले, त्याचं घर नांगरून टाका, असं ती स्वच्छ, शिक्षकी आवाजात वाचत होती. व्यासपीठावरच्या साहेबांनी आदराने विचारलं, "और आपकी अपनी राय, मॅडम?" ती म्हणाली, तिचं मत निराळं आहे. पिल्लं उडेपर्यंत गवत उभं ठेवावं, त्याचा मोबदला गावाला द्यावा, आणि जमिनीच्या सौद्यावरची बंदी उठवावी. "पण जमीन यांची आहे. आधी यांचं लिहा." साहेबांनी दोन्ही लिहून घेतलं. सगळ्यांना चहा मिळाला. मागे वळून पाहिलं तर जाजमावर बसलेले भेरूलालजी डोळे पुसत होते.

त्यानंतर काहीच झालं नाही. उत्तर आलं नाही, नकारही आला नाही. आक्का पत्रं धाडत राहिली. गावांनी दोन वर्षं वाट पाहिली आणि मग बोलल्याप्रमाणे एकेक बीड हाकली. तिथे सोयाबीन उभं राहिलं. खरमोर आधी कमी झाला, मग दिसेनासा झाला. बंदी मात्र होती तिथेच राहिली. पाखरू गेलं, कायदा राहिला. मला याचा आजही संताप येतो, आणि तो कोणावर काढावा ते कळत नाही. पक्षिमित्रांनी आक्काशी बोलणं टाकलं. तिच्या वाचनानेच गावाला जोर आला, असं त्यांचं म्हणणं. ती त्यांना दोष देत नसे. प्रत्येक श्रावणात मात्र मला बोलावून घ्यायची, आणि भेरूलालजींच्या शेताच्या टोकाला जो एकच गवताचा पट्टा उरला होता त्याच्या कडेला जाजम घालून दिवसभर बसायची. तो पट्टा खडकाळ असणार, नांगर चालत नसणार, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो. पाखरू कधी आलं नाही. संध्याकाळी ती उठायची, जाजम गुंडाळायची आणि म्हणायची, "चल, पुढच्या वर्षी पाहू." निवृत्तीनंतर, छातीचं दुखणं लागल्यावरही हे चुकलं नाही.

तेराव्याला भेरूलालजी आले. बरोबर दोघे मुलगे, तेही आता पिकू लागलेले. खुर्च्या मांडलेल्या होत्या, पण ते बसेनात, दारातच उभे. माझ्या लक्षात आलं. मी कोपऱ्यातलं जाजम आणून अंथरलं, तेव्हा बसले. मग भेरूलालजींनी त्या पट्ट्याचा विषय काढला. जमीन चांगली काळी आहे, म्हणाले. मुलं दरसाल हाकायचं म्हणतात, मीच हाकू दिली नाही. "चिड़ी सारू नी, बेनजी सारू राखी थी. वा कां बैठती?" पाखरासाठी नव्हे, तिच्यासाठी. ती बसली असती कुठे? मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "अबे हांकी दां कई?" आता हाकून टाकू का?

तुमच्याच शेताचं मला काय विचारता, म्हटलं. ते म्हणाले, जाजमावर विचारल्याशिवाय कसं हाकायचं?

मला 'नाही' म्हणायचं होतं. ज्या पाखराशी माझं काही देणंघेणं नव्हतं त्याच्यासाठी, आणि त्याहून जास्त त्या गवताच्या कडेला बसलेल्या आक्कासाठी, मला ओरडून 'नाही' म्हणायचं होतं. इतक्या वर्षांत या प्रकरणात आक्काखेरीज कोणी कोणाला खरोखर विचारलं असेल तर ते त्या दुपारी, त्या तिघांनी मला. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं, हेही मला दिसत होतं. पण तिथे बसून आक्काने काय सांगितलं असतं ते मला पाठ होतं. मी म्हटलं, "जमीन तुमची आहे, पटेलसाहेब." त्यांनी जाजमाला हात लावून तो कपाळाला लावला, आणि तिघेही जिना उतरून गेले.

जाजम मी देवासला घेऊन आलो आहे. या पावसाळ्यात त्या पट्ट्यात सोयाबीन उगवेल. परवा बायको म्हणाली, किती कुसळं आहेत यात, गच्चीत नेऊन चांगलं झटकून आणते. तिने ते उचललंसुद्धा होतं. मी तिच्या हातातून ते काढून घेतलं. त्या बीडेतलं गवत आता एवढंच उरलं आहे.