न चाखलेली बीअर

नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नाताळच्या पार्टीआधी नोटीसबोर्डावर यादी लागे: कोण काय आणणार. शैला कोर्लेकर या नावापुढे अकरा वर्षं एकच शब्द होता. समोसे. घरी केलेली बीअर आणायचे ते लॅबमधले चौघे पुरुष, आणि केन त्यांचा म्होरक्या. १९८६ साली शैलानं समोसे खोडून तिथं बीअर लिहिलं.

"पण तू तर पीत नाहीस," केन म्हणाला.

"मी आजारीही नसते. तरी रोज इथं रोगजंतू वाढवतेच ना?"

तिच्या नवऱ्यानं, गिरीशनं, घरी बीअर करायचं तयार किट आणून दोनदा बीअर केली होती आणि दोनदा ती मोरीत ओतली होती. इडलीचं पीठ फुगतं त्या उबदार कपाटात तो बादली ठेवायचा आणि दिवसातून तीनदा झाकण उघडून बघायचा. शैलानं बादली जिन्याखालच्या गारव्यात नेली. बादली, पळी, सगळं लॅबच्या शिस्तीनं निर्जंतुक केलं. किटच्या डब्यातला काकवीसारखा माल्टचा पाक, साखर, पाणी, वर यीस्ट. मग झाकणावरच्या नळीतून बुडबुडे सुरू झाले. जिन्याखालच्या अंधारात कुणीतरी तिच्या बाजूनं काम करत होतं.

आठव्या दिवशी बुडबुडे थांबले. गिरीश बाटल्या धुऊन तयार.

"भर आता. पार्टी तीन आठवड्यांवर आली."

शैलानं झाकण बोटभर उचललं. "नाही. हिरव्या सफरचंदासारखा वास येतोय. कच्ची आहे."

"अगं, घोटभर चाखून तरी बघ!"

"अहो, नैवेद्याचा स्वयंपाक कुणी चाखून करतं का? आमटीत मीठ पडलंय की नाही, ते आई नुसत्या वासावरून सांगायची."

"आणि हा नैवेद्य कुणाला?"

"केनला."

आणखी चार दिवसांनी पावाच्या भाजक्या कडेसारखा वास आला, तेव्हाच तिनं बाटल्या भरल्या.

पार्टीत केननं ग्लास उजेडाकडे धरला. एक घोट घेतला. दुसरा घेतला, आणि स्वतःची बाटली हळूच टेबलाच्या मागच्या कडेला सरकवली.

"किती वेळा चाखलीस ही?"

"एकदाही नाही."

तो हसला. ती हसली नाही, तेव्हा तोही थांबला.

पुढच्या वर्षी यादी लागली. शैलापुढे बीअर. केनपुढे, त्याच्याच अक्षरात, समोसे. दुपारी तो तिच्या टेबलाशी येऊन घुटमळला.

"शैला, सारणात मीठ बरोबर पडलंय हे कसं कळतं? चाखून?"

"चाखायचं नाही," मायक्रोस्कोपवरचा डोळा न काढता ती म्हणाली. "वास घ्यायचा."