नांगर न लागलेला गाळ

माझा पहिला नमुना वाया गेला तो माझ्याच अक्कलहुशारीनं. गोदावरीवरच्या धरणात दरसाल किती गाळ साचतो हे मला शोधायचं होतं. पीएचडीचं तेच काम. बजाजनगरच्या हार्डवेअरच्या दुकानातून दोन मीटरचा पीव्हीसी पाइप घेतला, त्याची कड कानशीनं धारदार केली आणि पाणी नुकतंच ओसरलेल्या सपाट जागी घणानं ठोकला. पाय भरणार नाहीत अशी जागा निवडली, एवढंच माझं डोकं चाललं.

पाइप उभा चिरून गाळाच्या चकत्या पाडल्या, वाळवल्या, कुटल्या, हवाबंद डब्यांत तीन आठवडे ठेवल्या आणि मोजायला पाठवल्या. यातलं सूत्र तसं साधं. हवेतून एक किरणोत्सारी शिसं धुळीबरोबर, पावसाबरोबर सतत खाली येतं आणि गाळात बसतं. दर बावीस वर्षांनी ते निम्मं होतं. चकती जितकी खालची तितकं शिसं कमी, आणि किती उरलं यावरून तिचं वय.

आकडे यायला पुढचा हिवाळा उजाडला. वरच्या वीतभर चकत्यांचे आकडे सगळे सारखेच. म्हणजे कालचा गाळ आणि दहा वर्षांपूर्वीचा गाळ एकाच वयाचा! फेलोशिपचं शेवटचं वर्ष सुरू होतं. माझे गाइड सर म्हणाले, "वरच्या चकत्या वगळ, खालच्यांवरून रेषा ओढ आणि मोकळी हो." सर वाईट नव्हते, त्यांना माझी काळजी होती. पण ते काही माझ्या घशाखाली उतरेना. घरी वडील, नुकतेच वाळूजच्या कंपनीतून पाळी करून आलेले, म्हणाले, "सर सांगतायत ना, मग झालं." मी त्यांच्यावर खेकसले. ते आजही टोचतं.

दुसऱ्या दिवशी पहिली एसटी धरून त्याच जागी गेले. बघते तर तिथं हरभरा उभा. साठी ओलांडलेल्या एक मावशी खुरपत होत्या. मी विचारलं, "इथं पीक कसं?"

"गाळपेर हाय माय. पाणी सरलं की नांगरायचं अन् पेरायचं."

"दरसाल?"

"मग? लगीन झाल्यापासून हेच करती मी."

मी तिथंच बांधावर बसले. आजोळ शेतकऱ्याचं माझं, माझे मामा गाळपेर करायचे, त्यांच्या गाळातले हरभरे मी ओंजळीनं खाल्लेत. आणि नांगरानं दरवर्षी खालीवर केलेला गाळ थरावर थर शिस्तीत बसलाय असं धरून मी चालले होते. स्वतःचीच लाज वाटली.

"मावशी, नांगर कधीच गेला नाही अशी जागा आहे का?"

त्यांनी खुरप्यानं लांब दाखवलं. "त्या सखलात. धरणाच्या आधी आमचंच रान व्हतं ते. आता बैल पोटापर्यंत रुततो. तिथं मरायला कोण जातंय?"

"मी जाते."

"लई येडी हायेस," त्या म्हणाल्या. पण आठवड्यानं मी पाइप नि घण घेऊन आले तेव्हा कडब्याच्या पेंढ्या त्यांनीच दिल्या. त्या चिखलावर अंथरत, मागच्या उचलून पुढं टाकत मी सखलात पोचले आणि घण घातला. हाताला फोड आले, पण पाइप पुरा गेला. चिरल्यावर वर कमरेएवढा राखाडी गाळ आणि तळाशी काळी माती निघाली. त्या मातीत ज्वारीचं धसकट होतं.

या खेपेला आकडे पायरीपायरीनं उतरले. काळ्या मातीला टेकलेल्या चकतीचं साल मी काढलं. सर खूश झाले, तरी म्हणाले, "एकट्या शिशावर परीक्षक विश्वास ठेवणार नाहीत. दुसरा पुरावा आण." मी साल कागदावर लिहिलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं, काळ्या मातीची चकती डबीत घेतली आणि मावशींकडं गेले. जुळलं नाही तर सगळं पुन्हा, हे मी ठरवूनच निघाले होते.

"मावशी, तुमच्या रानात पाणी कधी शिरलं?"

त्या बोटांवर मोजू लागल्या. "भात्तरच्या दुष्काळात आईसंगं ह्याच धरणावर माती वाहिली मी. त्याच्यामागं चार पावसाळे गेले. चवथ्याला पाणी आलं. ज्वारी काढून नेली अन् धसकटं तशीच ऱ्हायली."

बहात्तर आणि चार, शहात्तर. कागदावर होतं पंच्याहत्तर, दोन वर्षं इकडंतिकडं. मी कागद त्यांना वाचून दाखवला.

"येवढ्यासाठी इतकी वर्सं घालवलीस? मला इचारायचं व्हतं," त्या म्हणाल्या.

मी डबी उघडली. त्यांनी ती माती चिमटीत चुरली, वास घेतला. मग विचारलं, "हे तुला लागतं का गं?"

लागत होतं. परीक्षकांना दाखवायला तेवढीच चकती उरली होती. मी म्हटलं, "नाही लागत." त्यांनी ती माती धसकटासकट पदरात बांधली.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "हा शेवटचा नमुना कुठंय?"

सरांनी मान खाली घातली. मी सांगितलं, "ज्यांचा होता, त्यांना देऊन टाकला."