चौथी थाप

ऐकणाऱ्यानं टेपकडं पाठ करून बसायचं, हा आमच्या खेळाचा पहिला नियम. कॅसेट लावणाऱ्याला आत कोण आहे ते माहीत असतं, आणि माणसाचं तोंड कधी ना कधी फितूर होतंच. दुसरा नियम, एकच नाव सांगायचं. 'हा असेल नाहीतर तो' असं चालत नाही. तिसरा, एकदा सांगितलेलं नाव मागं घ्यायचं नाही. चुकलं तर सगळ्यांना चहा पाजायचा.

खेळणारे आम्ही तिघंच. टेंभुर्णीत ज्यांचं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे ते काका पहिले. दुकानात आता मोबाईलची कव्हरं आणि चार्जरच जास्त, पण मागच्या फळीवर दोन जुने टेप त्यांनी हट्टानं जिवंत ठेवलेत. दुसरे, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर काका. अंबड, भोकरदन, जाफराबाद, सगळ्या रस्त्यांवर त्यांनी तिकिटं फाडली आणि जिथं मुक्काम पडेल तिथल्या लोकांकडून कॅसेटी गोळा केल्या. तिसरी मी, जिल्हा परिषदेच्या शाळेतली बाई. रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही बसतो.

कॅसेटी सगळ्या गायन पार्ट्यांच्या. जयंतीला, लग्नात, विहाराच्या कार्यक्रमाला या पार्ट्या गावोगाव गायच्या आणि पुढच्या रांगेतलं कुणीतरी मांडीवर टेप घेऊन गाणी भरून घ्यायचं. कॅसेटीवर नाव नसायचं, आणि असलं तर ते दुसऱ्याच कॅसेटीचं. त्यामुळं गातंय कोण, पेटीवर कोण, ढोलकावर कोण, हे कानानंच ओळखायचं. ओळखायची खूण म्हणजे खोड. चांगलं वाजवणारे सगळे सारखेच वाजवतात, चुकणारा मात्र आपापल्या पद्धतीनं चुकतो. अंबडचा एक गायक वरच्या सुराआधी आवंढा गिळायचा. भोकरदनच्या एका ढोलकवाल्याच्या बोटात अंगठी होती, ती मधेच लाकडावर टक्कन वाजायची. अशा खोडी मी शाळेतल्या पोरांच्या अक्षरासारख्या ओळखायला लागले, तेव्हा कंडक्टर काका म्हणाले, "ह्या मॅडम म्हंजे कानामागून आल्या अन् तिखट झाल्या." मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू, मला माझ्या कानाचा गर्व होता.

पण मी तिथं गर्वासाठी जात नव्हते. माझे वडील ढोलक वाजवायचे. मी दुसरीत असताना ते आजारपणात गेले. एक फोटो आहे, त्यात ते कुणाच्या तरी लग्नात उभे आहेत. आवाज मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की ते वाजवायला बसले की मी त्यांच्या पाठीला पाठ लावून बसायचे आणि थाप माझ्या मणक्यातून वर चढायची. त्यांची एकही कॅसेट घरात नव्हती. मला त्यांचा हात एकदा, फक्त एकदा, ऐकायचा होता.

कंडक्टर काकांनी त्यांना तरुणपणी ऐकलं होतं. पहिल्याच भेटीत त्यांनी मला खूण सांगितली. "मॅडम, बिलकुल साफ हात. पर करंगळीचं टोक कडबा कापायच्या मशीनमधी गेल्तं. चार बोटं ओळीनं फिरवली की तीन थापा पडायच्या, चौथी पडायची न्हाई. तिथं खड्डा यायचा."

तेव्हापासून मी तो खड्डा शोधत होते. अंधारात जिना उतरताना एखादी पायरी नसावी, तसा तो असेल असं वाटायचं. घरी कॅसेट लावली की आई उठून अंगणात जायची. आई माझ्याकडंच असते. वय झालंय, पण हात चालू असतात. धान्य निवडणं, पिठाचे डबे पुसणं. तिला या कॅसेटींचा कंटाळा आहे असं मी धरून चालले होते. "तुला काही कदरच न्हाई गाण्याची," मी म्हणायची. ती कप तोंडाला लावून हसायची, आणि करंगळी नेहमीसारखी वर उचललेली. त्यावरून मी तिला 'साहेबीण' म्हणून चिडवायची. लहानपणापासून चिडवत आले.

गेल्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी कंडक्टर काकांनी अंबडच्या भंगारवाल्याकडून आणलेली एक कॅसेट पिशवीतून काढली. वर नाव-गाव काहीच लिहिलेलं नाही. आत काय आहे ते त्यांनाही माहीत नव्हतं. मग कुणी तोंड बघायचा प्रश्नच नव्हता, पण नियम तो नियम. दुकानवाल्या काकांनी बटण दाबलं आणि तेही आमच्याशेजारी भिंतीकडं तोंड करून बसले. समोर खताच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. तीन जाणती माणसं भिंतीकडं बघत बसलेली आणि मागं टेप एकटाच बोलतोय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदाच जरा विचित्र वाटलं.

आधी नुसती खरखर. मग लाईट गेली, पंखा थांबला. टेपात सेल होते, तो चालूच राहिला. पेटी वाजली, एक बाप्या गायला लागला आणि ढोलक सुरू झाला.

पहिल्याच फिरकीत खड्डा आला. तीन थापा, मग काही नाही. पुन्हा तीन, पुन्हा काही नाही. गाणं पुढं जात होतं आणि तो रिकामा ठिपका प्रत्येक वेळी बराबर त्याच जागी येत होता. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. भिंतीकडं तोंड असताना आपल्या पाठीमागं हातभर अंतरावर कुणीतरी बसून वाजवतंय, असं मला स्पष्ट वाटलं. मी म्हणाले, "माझे वडील." नाव सांगून झालं होतं, आता मागं घेता येणार नव्हतं. कंडक्टर काकांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, "तेच. तेच हायेत."

मी रडले. चाळीसेक वर्षांनी माझा बाप माझ्या पाठीशी आला होता, मी रडणार नाही तर काय करणार?

गाणं संपलं, टाळ्या पडल्या. टाळ्या विरायच्या आत सूत्रसंचालक म्हणाला की आता आपल्या गावची पाचवीतली मुलगी दोन शब्द बोलणार आहे. एक बारीक, घाईघाईचा आवाज पाठ केलेलं भाषण म्हणायला लागला. मधेच अडला. "एक मिनिट हं," असं म्हणाला. लोक हसले.

मी हसले नाही. तो आवाज माझा होता.

ते भाषण मला आठवतं. पांढरा फ्रॉक होता, स्टेजच्या मागं निळा पडदा होता, मी एक ओळ विसरले आणि "एक मिनिट हं" म्हणाले. त्यावरून चुलतभावंडांनी मला पुढं दोन वर्षं छळलं. मी पाचवीत होते. वडील दुसरीत गेले. आणि माझ्या त्या अडखळण्याच्या आड, पडद्यामागून, कुणीतरी ढोलकाची वादी ताणून हलकेच बोटं फिरवून बघत होतं. तीन थापा, आणि चौथीची जागा रिकामी.

"एकावर एक भरलेलं असंल," दुकानवाले काका म्हणाले, पण त्यांचा आवाज काही खरा नव्हता. त्यांनीच तीनदा मागं घेऊन ऐकलं. भरलेल्यावर भरलं की जुनं पुसलं जातं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? बरं, मधे तुटल्याची खूणही नव्हती. माझ्या भाषणाला पडलेल्या टाळ्यांमधूनच पुढच्या गाण्याचा ढोलक उठत होता. एकच दुपार, एकच जागा. कंडक्टर काकांनी कॅसेट काढून रिकाम्या डबीत घातली आणि माझ्या हातात दिली. "घेऊन जा मॅडम. माझ्या घरात नको."

आमच्या घरात भूतखेत मानत नाहीत. आजोबांनी धम्म घेतला तेव्हा देव्हाऱ्याबरोबर अंगारे-धुपारेही गेले. वर्गात एखादं पोरगं चिंचेवरच्या भुताची गोष्ट सांगायला लागलं की मी त्याला उभं करून प्रश्न विचारते. आणि आता मीच पर्समध्ये ती कॅसेट घेऊन फिरत होते, आणि पर्स खुंटीला टांगताना तिच्याकडं पाठ करायला घाबरत होते. परीक्षेचे दिवस होते. पेपर सोडवताना एखादं पोरगं बाकावर बोटं वाजवायचं, मी मनात मोजायची. चौथी थाप पडली की बरं वाटायचं.

मला रागही आला होता. बापाचा हात मिळाला होता, आणि तो माझ्या बापाचा असूच शकत नव्हता. दिलेलं काढून घेतल्यासारखं झालं होतं.

पुढच्या रविवारी मी दुकानात गेले नाही. दुपारी आई सुपात ज्वारी निवडत बसली होती. मी टेप आणून तिच्यासमोर ठेवला. ती उठायला लागली. "बस," मी म्हणाले, "एवढी एक ऐक," आणि बटण दाबलं.

ढोलक सुरू झाला. आईचे हात सुपात थांबले. तिच्या तोंडाकडं बघत होते तरी मला तिथं काही दिसेना. मग माझं भाषण आलं, "एक मिनिट हं" आलं. आई म्हणाली, "बंद कर. कुठं सापडलं हे?"

"भंगारात. आई, हे बाबा कसे असतील? ते तर आधीच गेल्ते."

आईनं सूप बाजूला सरकवलं. "ते न्हाईत. मी हाय."

मला कळेना ती काय म्हणतेय.

"त्या दिवशी ढोलकवाला आलाच न्हाई," ती म्हणाली. "त्याची गाडी चुकली. लोक बसून राह्यलेले. पार्टीवाल्यांनी आपल्या घरी माणूस धाडला, ढोलक तरी द्या म्हणून. म्या म्हणलं, ढोलक देते, पर वाजवणार कोण? मंग मीच गेले. तुझा चुलता म्हणला, विधवा बाई समोर बसून वाजवणार व्हय, लोक काय म्हणतील. पडद्यामागं बस. बसले."

"तुला येत होतं?"

"ते घरी सराव करायचे तवा समोर बसून शिकले. त्यांची चौथी पडायची न्हाई. म्या म्हणलं, असंच असतंय. मीबी टाकली न्हाई. माझी करंगळी चांगली होती गं, पर तिला कामच दिलं न्हाई कधी, उचलून धरली. पुढं कळलं की तिथं थाप असती. पर मंग हात ऐकंना."

तिनं हात पुढं केला. करंगळी वर होती. कप धरताना, भाकरी थापताना, माझ्या केसांत तेल घालताना वर असलेली ती करंगळी. काखेत कळसा अन् गावाला वळसा, म्हणतात ते काही उगाच नाही. साऱ्या जिल्ह्याचे ढोलकवाले मी भिंतीकडं तोंड करून ओळखत होते, आणि समोर बसलेल्या बाईला आयुष्यभर साहेबीण म्हणून चिडवत होते. मला फार लाज वाटली.

"मला सांगितलं का न्हाईस?"

"तुला त्या दिवशी भाषणाबिगर काय सुचत नव्हतं. भाषण झालं अन् चुलतीच्या मांडीवर झोपलीस. दुसऱ्या दिवशी चुलत्यानं ढोलक नेला. बायका येऊन हळूच म्हणायच्या, तुझा नवरा येऊन वाजवून गेला गं." तिनं पदरावरचा ज्वारीचा दाणा झटकला. "म्या म्हणलं, हो."

बाहेर रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. मग आईनं विचारलं, "तुमच्या त्या खेळात कसं बसत्यात?"

"पाठ करून."

"मंग बस."

तिनं पिठाचा रिकामा डबा ओढून मांडीत घेतला. मी तिच्या मागं जाऊन वळून बसले, आणि बसताना माझी पाठ तिच्या पाठीला टेकली. समोर घराची भिंत होती, त्यावर बाबांचा तोच लग्नातला फोटो. डब्यावर बोटं फिरली. पत्र्याचा आवाज तो, ढोलकाचा नाहीच, पण तीन थापा पडल्या आणि चौथीची जागा माझ्या मणक्यातून वर चढली. ती जागा मला माहीत होती. कानाला नव्हे, पाठीला माहीत होती. सात वर्षांची असल्यापासून.

"कोण हाय?" मागून आईनं विचारलं. "एकच नाव सांगायचं असतंय ना?"

ते एक नाव, बाबांचं, सांगायला मी इतकी वर्षं थांबले होते. पण आता त्या बाईचं नाव कुणीतरी घ्यायलाच हवं होतं. पडद्यामागं बसवलं, ढोलक नेला, वाजवलं तिनं आणि श्रेय गेलं मेलेल्या माणसाला. मी म्हणाले, "तू."

थाप थांबली.

"चुकलं," आई म्हणाली, "हात त्यांचा हाय," आणि पुन्हा वाजवू लागली.

नियमाप्रमाणं चहा मी ठेवायला हवा होता. मी उठले नाही. वळूनही बघितलं नाही. पाठ तशीच टेकवून बसून राहिले.