विहीर काकींची, पैसे कर्णिकांचे

काय घडलं ते सांगतो, पण आधी हातातला कप खाली ठेवा. एवढी पद्धतशीर चूक करायला माणूस स्वतःला फार हुशार समजणारा लागतो.

बोईसरला माझा विहिरी आणि पाण्याच्या टाक्या साफ करण्याचा धंदा आहे. बहुतेक टाक्याच. आत उतरायचं, घासायचं, वर यायचं. बघण्यासारखं त्यात काही नसतं. म्हणून चिंचणीच्या विहिरीचं काम आलं तेव्हा मी जरा खुशीतच होतो. मालक कर्णिक साहेब, राहणार ठाण्याला. चिंचणीला त्यांचं सुट्टीत यायचं कौलारू घर. फोनवर म्हणाले, निळं गेट आहे, मागे विहीर आहे, देखभालीला एक बाई असतात. आणि पैसे त्यांनी कार्डाने आधीच भरून टाकले. आमच्या धंद्यात असा माणूस भेटला तर त्याचा फोटो भिंतीला लावावा.

मी माझे दोन गडी घेऊन गेलो. निळं गेट दिसलं, कौलं दिसली. अंगणात एक बाई दोरीवर बोंबील वाळत घालत होत्या. मी म्हटलं, विहीर साफ करायला आलोय.

"या, या," त्या हात पुसत म्हणाल्या, "कवाची वाट बघते मी."

आता याहून पक्की खूण कोणती हवी? देखभालीच्या बाई त्या याच, असं मी ठरवून टाकलं. त्यांचं नाव हिराकाकी.

आणि ती विहीर! काळ्या दगडाची, गोल, दगडाला दगड असा बसवलेला की मध्ये नख शिरू नये. पंपाने पाणी उपसलं, दोराने खाली उतरलो आणि गाळ काढत गेलो. गाळात एक भलं मोठं कासव निघालं. ते टोपलीतून वर पाठवलं तर काकी त्याला म्हणाल्या, "अजून हायस तू?" जुनी ओळख असावी.

दुपारी शेवटचा गाळ निघाला आणि कपारीतून झरा वाहू लागला. पाणी धो धो नव्हतं, अगदी हळू येत होतं, आणि त्यात बारीक वाळू उकळल्यासारखी नाचत होती. समुद्र इतका जवळ की तळाशी उभं राहून लाटा ऐकू येत होत्या. मी ओंजळ तोंडाला लावली. पाणी गोड होतं. त्या खाऱ्या पाण्याच्या उशाशी हे गोड पाणी कुठून येत होतं, देव जाणे. वर पाहिलं तर आभाळाचा गोल तुकडा आणि त्यात काकी, हात जोडून उभ्या. मीही जोडले. आयुष्यात इतक्या टाक्यांत उतरलो, पण हात जोडावेत असं कधी वाटलं नव्हतं.

व्हिडिओ काढला. काकींनी तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं. घरी आल्यावरही मी दोन दिवस त्या झऱ्याबद्दलच बोलत होतो.

पुढच्या महिन्यात मोबाईलवर संदेश आला. कर्णिकांनी बँकेकडे तक्रार केली होती की पैसे दिले पण काम झालंच नाही. कार्डाच्या पैशांचं असं असतं. गिऱ्हाईकाने तक्रार केली की बँक आधी आपल्या खात्यातून रक्कम काढून घेते आणि मग म्हणते, तुमच्याकडे पुरावा असेल तर दाखवा.

माझं डोकं फिरलं. पैशाचं सोडा हो, पण त्या विहिरीबद्दल असं बोलावं? बायको म्हणाली, अहो, एक फोन करून विचारा त्यांना. मी म्हटलं, फोन कशाला, पुरावा मागितलाय तर पुरावाच देतो.

सगळे फोटो पाठवले. झऱ्याचा व्हिडिओ पाठवला. खाली त्या पाण्याच्या गोडीवर एक निबंध लिहिला. तरी समाधान होईना म्हणून मुद्दाम चिंचणीला जाऊन काकींची साक्ष रेकॉर्ड करून आणली. काकी कॅमेऱ्यात बघून म्हणाल्या, "आमची विहीर यांनीच साफ केली. आरसा केली." त्या 'आमची' म्हणाल्या, तेही मी मनावर घेतलं नाही. माणसं काय, समुद्रालाही आमचा म्हणतात.

बँकेने तो सगळा पुरावा कर्णिकांना दाखवला. त्यांचा फोन आला. मी भांडायच्या तयारीत होतो, पण माणूस फार शांतपणे बोलला.

"व्हिडिओ दोनदा बघितला. विहीर अप्रतिम आहे. पण ती माझी नाही हो. माझ्या विहिरीला सिमेंटच्या गोल रिंगा आहेत आणि आत पावसाळ्यापासून एक प्लास्टिकची खुर्ची पडली आहे. ती खुर्ची जरी बाहेर दिसली असती तरी मी तक्रार केली नसती."

तसाच चिंचणीला गेलो. पुढच्याच गल्लीत दुसरं निळं गेट होतं. आत जाऊन विहिरीत डोकावलो. खुर्ची आरामात तरंगत होती.

आता काकींना खरं सांगायचं आणि जमलं तर थोडे पैसे मागायचे, असं ठरवून त्यांच्याकडे वळलो. ओट्यावर त्यांचा जावई नितीन जेवायला बसला होता. ताटात अख्खं पापलेट.

"जावई, हेच ते," काकी म्हणाल्या, "तुमी पाठवलेले."

नितीनचा घास हातातच राहिला. काकी कित्येक वर्षं त्याच्या मागे लागल्या होत्या, विहीर साफ करून द्या म्हणून. आम्ही गेलो त्या दिवशी त्यांना वाटलं, अखेर जावयाने माणसं धाडली. त्यांनी फोन करून त्याचं तोंडभरून कौतुक केलं आणि त्याच्याने खरं सांगवलं नाही. तेव्हापासून पापलेट चालू होतं.

काकींनी विचारलं, "यांचे पैसे दिले ना?"

नितीनने माझ्याकडे पाहिलं. काकींनी माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला होता, पाणी त्याच विहिरीचं. मी घोटभर प्यायलो आणि म्हणालो, "मिळाले, काकी."

गेटपाशी नितीनने माझे दोन्ही हात धरले आणि तिथेच मोबाईलवरून कार्डाने पैसे भरले. मला वाटलं, मिटलं.

कार्ड त्याच्या बायकोच्या नावावर होतं. आणि माझं खातं आहे माझ्या बायकोच्या ब्युटी पार्लरच्या नावावर, कारण कार्डाची सोय आधी तिनेच घेतली होती. झालं. काकींच्या लेकीला नवरा पार्लरचे पैसे भरतोय असं दिसलं. तिने जाब विचारला. खरं सांगावं तर ते आईपर्यंत जाणार. नितीन म्हणाला, मला काही माहीत नाही, कुणीतरी पैसे लंपास केलेत. ती तडक बँकेत गेली.

पुन्हा संदेश आला. पुरावा दाखवा. अहो, माझ्याइतका पुरावा बँकेने कुठल्या धंदेवाल्याकडे पाहिला नसेल! फोटो होते, व्हिडिओ होता, तक्रार करणारीच्या सख्ख्या आईची साक्ष होती. आणि त्यातलं काही म्हणता काही पाठवता येत नव्हतं. नितीनचा दबक्या आवाजात फोन आला. "भाऊ, सांभाळून घ्या." मी बँकेला लिहून दिलं, गिऱ्हाईकाचं म्हणणं बरोबर आहे.

लागोपाठ दोन तक्रारी झाल्या म्हणून कार्डाची सोयच बंद झाली. बायकोने तो संदेश दोनदा वाचला, मोबाईल माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "माझ्या पार्लरची आजवर एक तक्रार नाही. तुम्ही लोकांच्या विहिरी साफ करता की माझं खातं?"