आढीत घातलेली फ्रेंच दारू

साहेबाची बदली झाली आणि बंगल्यातल्या सामानाचा लिलाव निघाला, तेव्हा मी गेलो होतो पहारी घ्यायला. कातळ फोडणाऱ्याला पहारी कधी पुरत नाहीत. परत आलो तो तांबड्या फ्रेंच दारूच्या सहा बाटल्या घेऊन. लिलावाला आलेला एक वकील हसला, "काय हो, पेज सुटली वाटतं?"

"तुमच्या अशिलांना पाजीन," मी म्हटलं. "तुमचं भाषण सोसवेल तरी."

दारूशी मला कर्तव्य नव्हतं. मला धरलं ते बाटलीवरच्या कागदाने. त्यावर दुमजली घराचं चित्र, पुढे द्राक्षवेलींच्या रांगा, खाली साल. साहेबाच्या गोवेकर बटलरने ते वाचून दाखवलं. "बाब, हे मळ्याचं नाव. शेजारच्या मळ्यातलं एक द्राक्ष यात नाही. जमीन सगळी खडी, गवत धड उगवत नाही. पण वेल मुळं खोल घालते. त्या साली ऊन चांगलं पडलं, पाऊस बेताचा. तसं साल पुन्हा आलं नाही म्हणतात."

माझी बाग असल्याच जमिनीवर उभी आहे. सुरुंग लावून कातळात खड्डे पाडले, वहाळाकाठची माती डोक्यावरून वर नेली, तेव्हा कुठे कलमं धरली. त्या आंब्याची चवच निराळी. आणि मुंबईचा दलाल तो शेताच्या बांधावरच्या पाणचट आंब्यात मिसळायचा आणि वर आपल्या दुकानाचा शिक्का मारायचा. दर हंगामाला मी भांडायचो. दर हंगामाला तो म्हणायचा, "आंबा तो आंबा, बागवाले." आता माझ्या हाती उत्तर लागलं होतं, आणि दलाल या तांबड्या दारूचा शौकीन होता.

बटलरने सांगितलं होतं, बाटल्या आडव्या ठेवा, हलवू नका, ही दारू बाटलीतही पिकत जाते. बायकोने त्या उंबरठ्याच्या आत येऊ दिल्या नाहीत. मग बागेतल्या मांगराच्या खोपटात, आंब्याच्या आढीत, पेंढ्याच्या दोन थरांमध्ये त्या निजवल्या. आमच्याकडे पिकायचं ते आढीतच पिकतं. यात माझं काय चुकलं? बाटल्या उघडण्यात त्या बटलरचा जन्म गेला, आणि थंडाव्यात ठेवा एवढंच नेमकं सांगायचं राहिलं!

वैशाखात दलाल बाग बघायला आला. मी बाटली पुढे ठेवली. त्याचे डोळे मोठे झाले.

"यावर नाव कोणाचं, शेठ?"

"मळ्याचं."

"विकणाऱ्याचं का नाही?"

"विकणाऱ्याला कोण विचारतो!"

"मग माझ्या पेटीवर तुमचं का?"

तो हसला. "आधी उघडा तर खरी."

बूच अर्धं आपणच वर आलं होतं. शेठने घोट घेतला आणि अंगणात थुंकला. "अहो, हा सिरका झालाय! ठेवली होती कुठे?"

"आढीत."

तो पोट धरून हसला. बाकीच्या पाच उघडल्या, त्याही तशाच. "बघा बागवाले, पिणारा शिव्या देणार मळ्याला. तुमच्या आढीला नाही. उद्या माझ्या दुकानात तुमचा आंबा नासला तर?"

"तर पडू देत शिव्या! आज चांगला निघाला तरी मला ओळखतो कोण? नाव नसेल तर यंदा एक पेटी मिळायची नाही. झाडावर सडू देईन."

त्या वर्षी सगळीकडेच आंबा कमी होता. ते त्याला ठाऊक होतं, आणि त्याला ठाऊक आहे हे मला. दुपारी जेवायला बसला, तो पानावरून उठायच्या आत कबूल झाला.

पत्रा कापून साचा केला. वर बागेचं नाव, खाली साल. प्रत्येक पेटीवर काळा रंग मी स्वतः फिरवला. आमच्या मांडवीच्या धक्क्यावरून पेट्या आगबोटीकडे निघाल्या तेव्हा हमालही वाचून बघत होते.

हंगाम सरत आला तेव्हा मुंबईला गेलो. दलालाच्या दुकानापुढे माझ्या नावाच्या पेट्यांची थप्पी लागलेली. ऊर भरून आला. वरची पेटी उघडली, तर आत पाणचट, मऊ फळ. माझं नव्हेच. माझ्या रिकाम्या पेट्या जपून ठेवून शेठ त्यात मिळेल तो आंबा भरत होता.

"रागावता काय? नाव चाललं की तुमचं!" तो म्हणाला, तेही कौतुकाने. "गिऱ्हाईक तेच मागतं, तुमचा आंबा पुरतो कुठे?"

मी तिथे काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

घरी आलो तो डोकं तापलेलंच. पायरीवरूनच सरबत मागितलं. बायकोने कोनाड्यातून बाटली काढली. दुमजली घर, द्राक्षांच्या रांगा, खाली साल. आत कोकमाचं आगळ, तसंच लालभडक. सिरका ओतून देऊन साही बाटल्या तिने भरून ठेवल्या होत्या.

"चांगली बाटली कोण टाकतं?" ती म्हणाली. "धुताना कागद भिजू दिला नाही हो मी."

सरबत उत्तम होतं. पेला खाली ठेवला आणि कागद नखाने खरवडायला लागलो.

"अहो, एवढं छान चित्र! कशाला काढताय?"

"आगळ आपलं आहे," मी म्हटलं, आणि दुसरी बाटली पुढे ओढली.